रात्री अडीचची यादी : हाताने चालते, क्रॉनमध्ये का चालत नाही?

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. त्यांच्या पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर असतात आणि त्या सर्व्हरची देखभाल मी पुण्यातून करतो. वाचनालयात संध्याकाळी कॉलेजचा एक मुलगा मदतीला येतो. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी काढणं हे त्याचं रोजचं काम. लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरायची सोय) सर्व्हरवर शिरायचं, स्क्रिप्ट चालवायची, झालं. सकाळी नऊला ग्रंथपाल बाई तयार झालेली पीडीएफ एसएफटीपीने (एसएसएचवरून फायली नेण्या-आणण्याची सोय) उतरवून घेतात, छापतात आणि तिच्यावर बघून एकेका सभासदाला फोन करतात.

२०१९ च्या पावसाळ्यात संध्याकाळची वीज वरचेवर जाऊ लागली आणि यादी चुकायला लागली. तेव्हा त्या मुलाने योग्य तेच केलं. स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामवर टाकली, रोज रात्री अडीच वाजता. त्यानंतरचे पाच दिवस क्रॉनमधून यादी एकदाही निघाली नाही. शनिवारी त्याचा फोन आला तोवर त्याने चार वेगवेगळे उपाय केले होते आणि मूळ दोन दोषांवर आणखी दोन चढले होते. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सुरुवातीच्या फायलींबद्दल जे जे गैरसमज असतात, ते जवळपास सगळे या एका आठवड्यात भेटले.

मांडणी

सर्व्हरवर उबुंटू लिनक्स १८.०४, भाड्याने देणाऱ्याकडची अगदी मोजक्या सामानाची प्रत. त्याबरोबर आलेला पायथन ३.६. स्क्रिप्टमध्ये दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात पायथन सभासदांची सीएसव्ही फाइल वाचून यादी तयार करतो. दुसऱ्या टप्प्यात एक छोटी आज्ञा त्या यादीची पीडीएफ करते. ही आज्ञा पिपने (पायथनचं सामान बसवणारा प्रोग्राम) होम डिरेक्टरीतल्या 'डॉट लोकल'च्या आतल्या 'बिन'मध्ये बसवलेली होती. सीएसव्हीतले रकाने मराठीत आहेत, पहिल्या रकान्याचं नावच 'सभासद'.

मंगळवार ते शनिवार

मंगळवारी सकाळी पीडीएफ नव्हती आणि कुठे चूकही दिसत नव्हती. सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, क्रॉनची एकच ओळ होती: टपाल पाठवणारा प्रोग्राम बसवलेला नाही, म्हणून आउटपुट टाकून दिलं. क्रॉन कामाचं बोलणं टपालाने पाठवतो आणि टपालाची सोय नसेल तर ते चक्क फेकून देतो. मुलाने आज्ञेच्या शेवटी आउटपुट आणि चुका दोन्ही एका लॉग फायलीत वळवल्या. हे त्या आठवड्यातलं सर्वांत उपयोगी पाऊल होतं.

बुधवारी लॉगमध्ये दोन चुका सापडल्या. पहिली पायथनची: फक्त इंग्रजी अक्षरं जाणणाऱ्या 'अ‍ॅस्की' कोडेकला स्थान ० वरचा बाइट ०एक्सई० वाचता येत नाही. दुसरी शेलची: पीडीएफ करणारी आज्ञा सापडली नाही.

बाइट वाचता येत नाही म्हटल्यावर फाइल खराब झाली असणार, असं त्याला वाटलं. तो वाचनालयात जाऊन तिथल्या विंडोज संगणकावरून सर्व्हरवर शिरला, सीएसव्ही नव्याने काढली, स्क्रिप्ट हाताने चालवली. पहिली चूक तशीच आली, दुसरी आली नाही. घरी जाऊन लॅपटॉपवरून तीच स्क्रिप्ट चालवली, तर यादी निमूट तयार. तेव्हा वाचनालयाच्या संगणकात मराठी फॉन्टचा घोळ आहे असं ठरवून तो विषय त्याने मिटवला.

बुधवारी रात्री त्याने इंटरनेटवरचा सल्ला वाचून, उबुंटूचा नेहमीचा शेल जो बॅश, त्याच्यासाठी 'डॉट बॅश-प्रोफाइल' नावाची नवी फाइल केली आणि तिच्यात लँग (भाषा आणि लिपी कोणती धरायची हे सांगणारं व्हेरिएबल) एक्सपोर्ट करणारी एक ओळ लिहिली. गुरुवारी क्रॉनच्या लॉगमध्ये त्याच दोन चुका. शिवाय आता लॅपटॉपवरून शिरल्यावरही पीडीएफची आज्ञा सापडेना, आणि प्रॉम्प्टचा, म्हणजे आज्ञेच्या ओळीआधी दिसणाऱ्या खुणेचा, हिरवा रंग गेला.

गुरुवारी त्याने 'डॉट बॅशआरसी'च्या तळाशी पाथ (आज्ञा कुठल्या डिरेक्टरींत शोधायच्या याची यादी) आणि लँगच्या ओळी लिहिल्या आणि क्रॉनच्या आज्ञेआधी 'सोर्स' लावून ती फाइल वाचायला सांगितली. शुक्रवारी लॉग म्हणाला, 'सोर्स' नावाची आज्ञाच नाही. मग त्याने 'सोर्स'च्या जागी नुसता टिंब लिहिला, आणि फाइल खरंच वाचली जाते का हे कळावं म्हणून बॅशआरसीच्या अगदी वर 'नमस्कार' छापणारी ओळ घातली.

शनिवारी सकाळी लॉगमध्ये 'नमस्कार' होता. आणि त्याखाली त्याच दोन चुका.

त्याच वेळी बाईंकडून नवीच तक्रार आली. आतापर्यंत एसएफटीपी 'फाइल नाही' एवढंच सांगत होता. आता तो जोडायलाच तयार नव्हता. संदेश फार लांब आहे, असं म्हणून एक आकडा दाखवत होता: ३७६८८८७५२०.

"दादा, आता मला काहीच कळत नाहीये," मुलगा फोनवर म्हणाला. "फाइल वाचली जातेय, हे डोळ्यांनी दिसतंय. तरी पाथ मिळत नाही."

मग बाईंनी फोन घेतला. त्या जे बोलल्या त्यावर माझ्यासाठी अर्धं प्रकरण सुटलं. "बुधवारी मी याच्याशेजारी बसले होते. त्याच्या लॅपटॉपवरून केलं की होतं आणि आमच्या इथून केलं की अडतं. पण काम तर दोन्ही वेळेला तिकडे सर्व्हरवरच होतंय ना?"

कोणाबरोबर काय शिदोरी आली

बाईंचा प्रश्न बिनतोड होता. सर्व्हर तोच, यूजर तोच, स्क्रिप्ट तीच. फरक होता तो फक्त ती स्क्रिप्ट कोणाच्या पोटी जन्मली यात.

एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लँग, पाथ अशा व्हेरिएबलांचा संच, ही यंत्राची मालमत्ता नसते. ती प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, स्वतःची असते. एखादी प्रोसेस दुसरीला जन्म देते तेव्हा आपल्याजवळच्या व्हेरिएबलांची एक प्रत शिदोरी म्हणून तिला बांधून देते. त्यानंतर लेकीने त्यात काही बदललं तरी आईला कळत नाही, आणि आईने मागाहून काही भरलं तरी ते लेकीला पोचत नाही. बॅशआरसी, प्रोफाइल या फायलींमध्ये जादू काही नाही. काही शेल सुरू होताना त्या वाचतात आणि आपल्या शिदोरीत भर घालतात, एवढंच. ज्या वंशावळीत तसा शेलच नाही, तिथे त्या फायली असून नसल्यासारख्या.

आता लँग बघा. हे व्हेरिएबल सर्व्हरवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. सर्व्हर उभा करताना मी भारतीय लोकेल (भाषा-लिपीच्या मांडण्या) तयार करून ठेवली होती, पण त्यातली कोणती वापरायची हे '/ईटीसी/डिफॉल्ट/लोकेल'मध्ये लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं. तरी सहा महिने सगळं सुरळीत चाललं, कारण लँग मुलाच्या उबुंटू लॅपटॉपवरून येत होता. उबुंटूच्या एसएसएच क्लायंटला लँग आणि एलसीने सुरू होणारी व्हेरिएबलं पलीकडे पाठवायची मुळातच सूचना असते, आणि उबुंटूचा सर्व्हरही ती स्वीकारायला तयार असतो. रोज संध्याकाळी लॉगिनबरोबर त्याच्या घरची भाषेची शिदोरी सर्व्हरवर येत होती. वाचनालयातल्या विंडोज संगणकावरून तसं काही जात नव्हतं. क्रॉनच्या बाबतीत तर पलीकडून कोणी येतच नव्हतं.

लँग नसला की प्रोग्राम 'सी' लोकेल धरून चालतात, आणि पायथन ३.६ च्या हिशेबी 'सी' म्हणजे नुसती अ‍ॅस्की. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी साठवण्याची पद्धत) ३ बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी ई० असतो. 'सभासद'मधल्या 'स'च्या पहिल्याच बाइटावर पायथन थांबला. फाइल निर्दोष होती. ०एक्सई० दिसलं की ते खराब फायलीपेक्षा मराठी मजकूर अ‍ॅस्की म्हणून वाचला जातोय याचंच लक्षण समजावं.

पाथची गोष्ट वेगळी. 'डॉट लोकल'मधला 'बिन' पाथमध्ये घालण्याचं काम उबुंटूची 'डॉट प्रोफाइल' करते आणि ती लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना उघडणारा शेल वाचतो. म्हणून बुधवारी वाचनालयातून शिरल्यावर दुसरी चूक आली नव्हती. तिथे भाषा नव्हती, पण पाथ होता. क्रॉनमध्ये दोन्ही नव्हतं. डेबियन-उबुंटूचा क्रॉन कामाला पाथ म्हणून फक्त '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' देतो. '/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट'मध्ये लांबलचक पाथ लिहिला तरी क्रॉन त्यावर आपलाच पाथ ठेवतो. त्याच्या मॅन पानावर (माहितीपत्रकात) हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तिथवर फारसं कोणी वाचत नाही.

उपाय का फसले

प्रत्येक उपायामागे काहीतरी तर्क होता आणि प्रत्येक तर्काला खऱ्या माहितीचा तुकडा जोडलेला होता. म्हणून एकेक बघण्यासारखा आहे.

लॉगिन शेल म्हणून सुरू झाल्यावर बॅश आधी '/ईटीसी/प्रोफाइल' वाचतो. मग होममध्ये 'डॉट बॅश-प्रोफाइल', 'डॉट बॅश-लॉगिन' आणि 'डॉट प्रोफाइल' या क्रमाने शोधतो, आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. बाकीच्यांकडे बघतही नाही. बुधवारी रात्री नवी 'डॉट बॅश-प्रोफाइल' जन्माला आली त्या क्षणी उबुंटूने दिलेली 'डॉट प्रोफाइल' तिच्या सावलीत गेली. तिच्याबरोबर पाथची भर गेली. आणि बॅशआरसीला हाक मारायचं कामही 'डॉट प्रोफाइल'च करत असल्यामुळे बॅशआरसी गेली, तिच्याबरोबर प्रॉम्प्टचा रंग. माझ्या मते तो गेलेला रंग हा या आठवड्यातला सर्वांत बोलका पुरावा होता. प्रॉम्प्ट अचानक साधा दिसायला लागला की कुठली तरी फाइल वाचायची थांबली आहे, हे समजून घ्यावं.

हा सल्ला त्याला मिळाला कसा? मॅकवरचं टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडतं, आणि २०१९ च्या कॅटालिनापर्यंत मॅकचा मूळ शेल बॅश होता. त्या काळात लिहिलेल्या हजारो उत्तरांमध्ये 'बॅश-प्रोफाइलमध्ये लिहा' असं आहे, आणि मॅकवर ते बरोबरच होतं. उबुंटूवर आयती 'डॉट प्रोफाइल' असते, त्यामुळे तिथे तोच सल्ला घर मोडतो. आणि क्रॉन तर लॉगिन शेल उघडतच नाही, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

'सोर्स' का चालला नाही? क्रॉन आज्ञा '/बिन/एसएच'कडे देतो, आणि उबुंटूत २००६ पासून ते नाव बॅशचं नसून डॅश या दुसऱ्या शेलचं आहे. 'सोर्स' हा शब्द सी शेलमधून बॅशमध्ये आला. बोर्न शेलच्या घराण्यात फाइल वाचून घ्यायची आज्ञा म्हणजे नुसता टिंब, आणि डॅशला तेवढाच माहीत आहे.

आता तो फसवा 'नमस्कार'. उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीच्या टिपणांनंतर लगेच एक राखणदार बसवलेला असतो. समोर माणूस बसलेला नसेल, म्हणजे शेल इंटरअ‍ॅक्टिव्ह नसेल, तर ही फाइल इथूनच सोडून दे, असं तो सांगतो. मुलाने 'नमस्कार' राखणदाराच्या वर लिहिला होता आणि पाथ-लँगच्या ओळी फायलीच्या तळाशी. फाइल उघडली गेली, नमस्कार छापला गेला, राखणदाराने परत पाठवलं, आणि तळाच्या ओळींपर्यंत कोणी पोचलंच नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं. फाइल वाचायला सुरुवात झाली, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. तपासणीची खूण वर न लिहिता तळाशी लिहिली असती, तर तिच्या न दिसण्यानेच उत्तर मिळालं असतं.

आणि तो आकडा. एसएफटीपीत प्रत्येक संदेशाचे पहिले ४ बाइट म्हणजे त्याची लांबी. सर्व्हरवरचा एसएफटीपी प्रोग्राम यूजरच्या शेलमार्फत सुरू होतो, आणि एसएसएचने कामाला लावलेला उबुंटूचा बॅश समोर माणूस नसतानाही बॅशआरसी वाचायला घेतो. हा अपवाद फार थोड्यांना माहीत असतो. त्यामुळे एसएफटीपीने तोंड उघडायच्या आधीच 'नमस्कार' तारेवर गेला. बाईंच्या संगणकाने त्यातले पहिले ४ बाइट लांबी म्हणून वाचले: 'न'चे तीन, म्हणजे २२४ (मघाचाच ई०, दशमानात), १६४, १६८, आणि 'म'चा पहिला, म्हणजे पुन्हा २२४. हे चार एका ओळीत ठेवून एक संख्या म्हणून वाचले की बरोबर ३७६८८८७५२० होतात. मी फोनवर बोलता बोलता कॅल्क्युलेटरवर हा हिशेब केला, आणि उत्तर जुळलं तेव्हा मुलाला म्हणालो, "हा आकडा म्हणजे तुझाच नमस्कार आहे." तो ओळखता आल्याचा आनंद मला अजून आठवतो. ज्याला आपण अगम्य चूक समजतो ती पुष्कळदा आपलंच बोलणं असतं, भलत्या मापाने मोजलेलं.

दुरुस्ती

आधी जे वाढलं होतं ते काढलं. 'डॉट बॅश-प्रोफाइल' हटवली, बॅशआरसीतल्या नव्या ओळी आणि नमस्कार काढला, क्रॉनमधला टिंब काढला. पुन्हा लॉगिन केल्यावर प्रॉम्प्ट हिरवा झाला. बाईंचा एसएफटीपी जोडला गेला.

मग क्रॉनची शिदोरी प्रत्यक्ष बघितली. दोन मिनिटांनी चालेल असं एक तात्पुरतं काम टाकलं: एन्व्हायर्नमेंट दाखवणाऱ्या 'एन्व्ह' आज्ञेचं आउटपुट क्रमाने लावून फायलीत लिही. तेच मुलाच्या लॉगिनमधून दुसऱ्या फायलीत लिहिलं आणि फरक दाखवणाऱ्या 'डिफ'ने दोन्ही शेजारी ठेवल्या. लॉगिनची यादी लांब, क्रॉनची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: होम, लॉगनेम, शेल, तोकडा पाथ आणि असंच किरकोळ. लँग नाही. मुलगा म्हणाला, "हे मंगळवारीच केलं असतं तर!" खरंच, या जातीच्या प्रत्येक तक्रारीत पहिलं पाऊल हेच असायला हवं. कुठली फाइल वाचली जाते यावर तर्क लढवण्याआधी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या जागची 'एन्व्ह' शेजारी ठेवायची.

लिहायचं कुठे, यावर आम्ही थोडं बोललो. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या फायलीच्या, माथ्यावर पाथ लिहिता येतो, पण तिथे व्हेरिएबलं उलगडत नाहीत. 'डॉलर होम' लिहिलं तर क्रॉन ती अक्षरं तशीच धरतो, म्हणून पूर्ण पत्ता लिहावा लागतो. मला ती जागा पसंत नव्हती, कारण उद्या हेच काम कोणी सिस्टिमडीच्या टायमरवर (कामं ठरल्या वेळी चालवायची दुसरी सोय) नेलं की क्रॉनटॅबमधलं सगळं मागे राहणार. कामाला जे लागतं ते कामाच्या स्क्रिप्टमध्येच असावं, असं माझं पक्कं मत आहे. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत पाथ आणि लँग एक्सपोर्ट केले. लँगला 'सी डॉट यूटीएफ-८' दिलं, कारण ते उबुंटूवर नेहमी असतंच, वेगळं तयार करावं लागत नाही. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं. ही सर्वांत खरी दुरुस्ती. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये आहे हे आपल्याला ठाऊक आहे, मग ते प्रोग्रामने वातावरणावरून ताडायचं कशाला? माझ्याकडून राहिलेली सर्व्हरची मूळ लोकेलही 'अपडेट-लोकेल'ने लिहून टाकली.

रात्री अडीचपर्यंत थांबायची मात्र गरज नव्हती. 'एन्व्ह' आज्ञेला 'आय' पर्याय दिला की ती सगळी शिदोरी काढून घेऊन, आपण सांगू तेवढंच देऊन आज्ञा चालवते. होम, शेल आणि क्रॉनचा तोकडा पाथ एवढंच देऊन आम्ही स्क्रिप्ट दुपारी चार वाजताच रात्रीच्या परिस्थितीत चालवली. आधी मुद्दाम जुनी प्रत चालवली. त्याच दोन चुका, त्याच क्रमाने. मग नवी. पीडीएफ तयार.

रविवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी बाईंचा फोन आला. यादी छापून झाली होती, आणि त्या पहिल्या नावाला फोन लावायच्या बेतात होत्या.